यादीतली दुसरी ओळ

आबातारी
बुधवार, ५ मार्च २०१४

प्रिय दादा,

दुरूनच तुला मौरी. पत्र बघून हसू नकोस. उपग्रहाची जोडणी दवाखान्याची आहे, तिच्यावरून घरच्या गप्पा मारायच्या नाहीत, हे तूच मला बजावलं होतंस. म्हणून शनिवारच्या विमानाने कागदच पाठवते आहे. वैमानिकाने उघडून पाहिलं तरी काळजी नाही, माझं अक्षर त्याला लागणार नाही.

आधी कामाचं. तारावाच्या डॉक्टरबाईंच्या नव्या पत्त्याचा नियम तू रेडिओवर सांगितलास, तो मी जसाच्या तसा टाइप केला. लगेच चालला. बाईंशी बोलणं झालं, सगळ्या पेशंटचे आकडे गेले. संध्याकाळी बॅटरी वाचवायला नेहमीप्रमाणे मशीन बंद केलं. सकाळी चालू केलं, तर नवा पत्ता गायब. पुन्हा टाइप केलं, पुन्हा चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. चार दिवस हेच चाललंय. तुझं मशीन झोपतं आणि सगळं विसरून उठतं, आपल्या आजोबांसारखं. फक्त जुने नियम तेवढे त्याला पाठ आहेत.

आता एक गुपित सांगते. ओरडणार असलास तर मनातल्या मनात ओरड. ते विसरतं म्हणून तर माझं या बेटावर निभतंय. परवा ब्वेना मावशी आली. आधी वाऱ्यावर बोलली, मग आईच्या दातांवर बोलली, पाऊण तास ताकाला जाऊन भांडं लपवलं आणि मग म्हणाली, "रोसिया, बुबुती." तिचा मुलगा जर्मन जहाजावर आहे, त्याचा चेहरा बघायचाय, तिच्या फोनला दवाखान्याच्या वायफायवरून वाट हवी. आता मावशीने हक्काने मागितलेल्या बुबुतीला नाही कसं म्हणू? म्हटलं तर उद्या चुलीपाशी कोण बसवून घेईल मला? मी तिच्या फोनसाठी फायरवॉलमध्ये एक नियम टाकला. मावशी नारळाखाली बसून तासभर रडली, हसली, घरी गेली. सकाळी तो नियम मशीनच्या डोक्यातून गेलेला. मावशी परत आली, "अगं, दिसत नाही तो." मी म्हटलं, "काय करू मावशी, मशीन विसरलं." ती म्हणाली, "म्हातारं झालं असेल बिचारं." झालं, महिनाभर परत येणार नाही. सगळ्यांना हो म्हणून होतं आणि दवाखान्याची जोडणीही मोकळी राहते.

तुझी लेक बरी आहे. पाचवा महिना. पाय थोडे सुजतात, रक्तदाब जरा वर आहे, घाबरण्यासारखा नाही. दर शनिवारी सकाळी मी तिचे आकडे डॉक्टरबाईंकडे पाठवते. बाई शनिवारी बाहेरच्या बेटांचे पेशंट आधी बघतात, म्हणजे कुणाला हलवायचं असलं तर त्याच दिवशीच्या विमानात बसवता येतं. जावई नाबोवा रोज तिच्यासाठी मासा आणतो आणि स्वतःच खातो. मारेताला मासळीचा वास सहन होत नाही.

वहिनीला मौरी सांग.

तुझी रोसिया


तारावा
शुक्रवार, १४ मार्च २०१४

रोसिया,

नाचता येईना अंगण वाकडं. मशीन विसरत नाही, बाई, तू त्याला लिहून देत नाहीस.

नीट ऐक. तू टाइप केलेला नियम मशीनच्या चालू आठवणीत बसतो. वीज गेली की आठवण गेली. उठताना ते एक फाइल वाचतं आणि तिच्यात जे असेल तेवढंच खरं मानतं. ती फाइल वाचायची सोय मी बसवतानाच करून ठेवली होती, म्हणून जुने नियम त्याला पाठ आहेत. नवा नियम टिकवायचा तर तो त्या फाइलमध्ये उतरला पाहिजे. त्यासाठी 'आयपीटेबल्स-सेव्ह' म्हणून आज्ञा आहे. पूर्ण ओळ वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोबत ठेवली आहे. आधी डॉक्टरांचा नियम टाक, मग ही ओळ. ती दिलीस की त्या क्षणी मशीनच्या आठवणीत जे काही असेल ते सगळं फाइलमध्ये उतरतं. मग शंभर वेळा बंद-चालू कर, हलणार नाही.

तुझ्या गुपितावर मनातल्या मनात ओरडलो. तुझी वहिनी कातारीना म्हणते, तिला इथे आवाज ऐकू आला. अगं, ती बाहेर बसवलेली उपग्रहाची थाळी एवढीशी. एका वेळी दोन माणसांचं बोलणं जाईल एवढीच तिची ताकद. आम्ही ऑफिसात घसा कोरडा करून सांगतो, दवाखान्याशिवाय कुणाला वाट द्यायची नाही, आणि माझी सख्खी बहीण नारळाखाली चित्रपटगृह मांडून बसली आहे. तुझा हात फार सैल आहे. आईवर गेलीस.

मारेताला म्हणावं, मीठ कमी खा. खारवलेल्या माशाला हात लावू नको. जूनमध्ये, नववा लागायच्या आधी, मी तिला इकडे आणतो. बाळंतपण तारावातच. कातारीनाने खोलीला नवी चटई विणायला घेतली आहे.

तेरिब्वा

ता. क. कायसिराचा निरोप आला होता. चर्चच्या छपरासाठी तो गावाच्या सभाघरात, मानेआबात, सिनेमे दाखवतो ना, त्याच्याकडचे सगळे जुने झाले, लोक येईनात. नवे उतरवून घ्यायला त्याच्या कॉम्प्युटरला एका शनिवारपुरती वाट दे. बायकोचा भाऊ आहे. त्याने मला बुबुती केली, मी तुला करतो. एकच शनिवार.


आबातारी
गुरुवार, २७ मार्च २०१४

प्रिय दादा,

तुझी जादू चालली! बारा दिवस झाले, रोज सकाळी मशीन उठतं आणि डॉक्टरबाईंचा पत्ता जागच्या जागी असतो. मी त्याला शाबासकी देते. पेशंट बघतात आणि आपापसांत डोळे मिचकावतात.

तुझं पत्र आलं तो शनिवार म्हणजे नुसती जत्रा होती. चर्चचा सण, उत्तरेकडच्या गावांतले सगळे नातेवाईक उतरलेले. सकाळपासून सहा जणांना हो म्हणून झालं होतं. विमान उतरलं तर कायसिरा धावपट्टीवरच उभा. तुझं पाकीट माझ्या हातात पडायच्या आधी त्याला आतलं माहीत! माझ्यामागोमाग दवाखान्यात आला, उभा राहून काम करून घेतलं आणि खूश होऊन गेला. मग निवांतपणे तुझा मोठ्या अक्षरांचा कागद काढला, डॉक्टरांचा नियम टाकला, ती ओळ दिली. एकही चूक झाली नाही.

आणि एक नवल सांगू? त्या दिवसापासून माझ्याकडे कुणी येईनासं झालं आहे. ब्वेना मावशी नाही, शाळेचे मास्तर नाहीत, कुणी नाही. मला वाटतं, लोकांना कळायला लागलंय की ही दवाखान्याची गोष्ट आहे. मास्तर तर रस्त्यात भेटले की इतकं गोड हसतात! आपण आपल्या माणसांना उगाच नावं ठेवतो, दादा.

एकच तक्रार आहे. जोडणी मंदावली आहे, शनिवारी तर फारच. मागच्या शनिवारी मारेताचे आकडे जायला पंचवीस मिनिटं लागली. पाठवलं की मशीनसमोर बसून राहते. काय कारण असेल? रक्तदाब तेवढाच आहे. मीठ बंद केलंय. तिने तुला शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

रोसिया


तारावा
शुक्रवार, ४ एप्रिल २०१४

रोसिया,

जोडणी मंद आहे ते ढगांमुळे. पश्चिमेचा वारा सुटला की उपग्रहाचं असंच होतं. इथेही होतं. थाळीवर पक्षी बसत नाहीत ना तेवढं बघ, आणि उगाच नियमांना हात लावू नकोस. चाललंय ते चालू दे.

तुझ्या दवाखान्याचं ऑफिसात नाव झालं. सगळ्या बाहेरच्या बेटांत एक आबातारीचं मशीन रोज वेळेवर उठतं. साहेब म्हणाले, तिथे कोण आहे? मी म्हटलं, माझी बहीण. छाती फुगवूनच म्हटलं.

मारेताच्या शिव्या पोचल्या असं सांग. चटई अर्धी झाली आहे.

तेरिब्वा


आबातारी
मंगळवार, १३ मे २०१४

दादा,

रेडिओवर तुला जे कळलं ते मी सांगितलेलं नव्हतं, कौन्सिलच्या माणसाने सांगितलं. मी मारेताच्या उशाशी होते. आता लिहिते. तुला सगळं कळायला हवं.

शनिवारी सकाळी मारेता स्वतः चालत आली. डोकं दुखतंय म्हणाली, डोळ्यांपुढे चांदण्या येतात म्हणाली. चेहरा सुजलेला. रक्तदाब एकशे साठच्या वर, लघवीची पट्टी हिरवी, धोक्याची. मला कळलं हे काय आहे. साडेआठला मी सगळे आकडे डॉक्टरबाईंना पाठवले आणि वर लिहिलं, आजच्या विमानाची चिठ्ठी द्या.

मशीनने 'जात आहे' असं दाखवलं आणि तसंच दाखवत राहिलं. कौन्सिलचा रेडिओ सकाळी आठला बंद होतो तो चारला उघडतो. नाबोवाला रेडिओवाल्याच्या घरी पळवलं, तर तो लगूनमध्ये जाळी टाकायला गेलेला. पावणेअकराला विमान उतरलं. मी मारेताला सायकलगाडीत घालून धावपट्टीवर नेलं. एजंट म्हणाला, "सिस्टर, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पेशंट चढवता येत नाही, वर काही झालं तर माझी मान जाईल." मी भांडले. दादा, मी खरंच भांडले. वैमानिकाने वीस मिनिटं वाट पाहिली. विमानात दोन जागा रिकाम्या होत्या. मी पुन्हा दवाखान्यात पळत येऊन मशीन पाहिलं. तेच, 'जात आहे'. बाहेर येईपर्यंत आवाज झाला आणि विमान डोक्यावरून गेलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरबाईंचं उत्तर आलं. 'आजच्या विमानात बसवा. थांबू नका.'

रविवारी पहाटे मारेताला झटके आले. होतं ते औषध दिलं, ते लागू पडलं, म्हणून ती आहे. दुपारी बाळ झालं. मुलगी. नखंसुद्धा आली होती. ती रडली नाही. कायसिराने आपल्या होडीच्या फळ्या काढून लहानशी पेटी केली. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आजोबांच्या शेजारी ठेवली.

मारेता खाते, पाणी पिते, उठते, बसते. बोलत नाही. तिच्या रक्तदाबाची आता भीती नाही. मला तिच्याकडे बघायचं धैर्य होत नाही. तरी दिवसातून चार वेळा जाते.

रोसिया


तारावा
शुक्रवार, २३ मे २०१४

रोसिया,

दहा दिवस पेन हातात धरवत नव्हता. कातारीनाने ती चटई उसवायला काढली. मी हातातून ओढून घेतली, तर तिने मला मारलं. पंचवीस वर्षांत कधी मारलं नव्हतं. येत्या दोन्ही शनिवारची विमानं शाळेच्या परीक्षेच्या माणसांनी भरली आहेत, एक जागा मिळेना. बोट महिनाअखेरीला आहे म्हणतात, पण तिचं इंजिन अजून वाळूवर उघडून पडलेलं आहे.

मी हॉस्पिटलात जाऊन नोंद पाहिली. तुझा निरोप त्यांच्याकडे दोनला पाच कमी असताना पोचला. बाईंनी पंधरा मिनिटांत उत्तर दिलं. म्हणजे साडेपाच तास तो तुझ्याच दारात उभा होता. त्या दिवशी आकाश निरभ्र होतं, मी हवामानवाल्यांना विचारलं. ढग म्हणालो होतो मी. ढग नव्हते. तुझ्या दवाखान्याच्या जोडणीवर बसून कुणीतरी तिचं रक्त पीत होतं.

तुझा तो लाडका सैल हात! मी सांगितलं होतं की नाही? हो म्हणायचं आणि सकाळी मशीन विसरलं म्हणायचं. काय विसरलं आणि काय नाही ते मला बघायचं आहे. इथून बघता येत नाही, बाहेरून आत यायची वाट मीच बंद केली होती. मशीन चालू केल्या केल्या नियमांची यादी छापायची आज्ञा दे आणि जे दिसेल ते हाताने उतरवून पाठव. ऑफिसनेही अहवाल मागितला आहे. अहवाल मी लिहिणार.

ज्याने हे केलं त्याला मी मानेआबात सगळ्या म्हाताऱ्यांसमोर उभा करणार आहे. मग तो कुणी का असेना.

तेरिब्वा


आबातारी
बुधवार, २८ मे २०१४

दादा,

यादी पाठवते. मशीन उठल्यावर हे दिसलं.

१. डॉक्टरबाईंचा नवा पत्ता.
३. शाळेचे मास्तर, लॅपटॉप.
४. ब्वेना मावशीचा फोन.
५. कौन्सिलच्या कारकुनाचा फोन.
६. उत्तरेकडचे तेकाई काका, फोन.
७. काकांची सून, फोन.
८. नाबोवाच्या बहिणीचा फोन.
९. बाकी सगळं बंद.

मला आता कळलं. सणाच्या शनिवारी मी या सगळ्यांना हो म्हटलं होतं. त्या वाटा उघड्या असतानाच तुझी ओळ दिली. डॉक्टरांचा नियम फाइलमध्ये उतरला, तसे हेही उतरले. तू लिहिलं होतंस, आठवणीत जे असेल ते सगळं उतरतं. मी ते वाचलं होतं. डोक्यात शिरलं नाही, कारण मला डॉक्टरांचा पत्ता टिकवायची घाई होती. दोन महिने रोज सकाळी मशीन या सगळ्यांना वाट देत उठत होतं. म्हणून कुणी मागायला येत नव्हतं. आणि मी समजत होते, माणसं शहाणी झाली.

तुझं पत्र आलं त्याच शनिवारी जुनी फाइल परत बसवली, फक्त डॉक्टरांचा नियम घातला, सेव्ह करायच्या आधी यादी तीनदा वाचली. मग मशीन दोनदा बंद करून चालू केलं. आता दोनच ओळी दिसतात.

आणि मी आता नाही म्हणते. तोंडावर. परवा मास्तर आले, त्यांना म्हटलं, नाही. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या बापाला शिवी दिली. रविवारी चर्चमध्ये माझ्या चटईवर कुणी बसलं नाही. बसू नये.

अहवालात माझं नाव लिही. हात माझा होता. दुसरं कुणाचं लिहू नकोस, कुणाला काही माहीत नव्हतं. त्यांनी मागितलं, मी दिलं.

मारेता काल पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आत्या, विमान थांबलं होतं ना?" मी हो म्हटलं.

रोसिया


तारावा
शुक्रवार, ६ जून २०१४

रोसिया,

एकानंतर तीन येतात का तुझ्या शाळेत? दुसरी ओळ कुठे आहे?

मी हे काम वीस वर्षं करतोय. मला फसवू नकोस. आपण असे नियम टाकतो तेव्हा नवा नियम सगळ्यात वर बसतो आणि आधीचे खाली सरकतात. सगळ्यात वर डॉक्टर, म्हणजे तो शेवटी टाकलास. त्याच्या खाली जो आहे तो त्याच्या लगेच आधी तुझ्याकडे आला होता. तोच तू गाळलास. आणि तोच आहे, मला खात्री आहे. ब्वेना मावशीचा मुलगा जहाजावर सकाळी कामावर असतो, ती संध्याकाळी बोलते. कारकुनाला शनिवारी सुट्टी. मास्तर पत्रं पाठवतो, त्याने कितीशी जागा जाणार? फोनवर कुणी कितीही बोललं तरी साडेपाच तास थाळी अडत नाही. कुणीतरी मोठमोठ्या फाइली ओढत होता. दर शनिवारी, तासन्‌तास.

तू तेकाई काकाचं नाव दिलंस, पण मला वाटतं त्याची दोन नावं आहेत, एक दाखवायचं आणि एक लपवायचं. त्याच्या धाकट्या पोरांनी कॉम्प्युटर घेतला हे मला इथे कळलं आहे. बाबांचा भाऊ म्हणून तू झाकते आहेस. आपलेच दात आपलेच ओठ, म्हणून गिळायचं? मी गिळणार नाही. माझी नात गेली आहे.

कातारीना रोज मला विचारते, "नाव कळलं?" मी तिला शब्द दिला आहे, येत्या पत्रात कळेल. ती म्हणते, नाव कळलं की ती त्याच्या दारात जाऊन बसणार आणि त्याला घास गिळू देणार नाही. तिला कुणावर तरी रागवायला हवं आहे, नाहीतर ती वेडी होईल.

विमानात अजून जागा मिळत नाही. तू माझी बहीण असशील तर दुसरी ओळ पाठव.

तेरिब्वा


आबातारी
बुधवार, ११ जून २०१४

दादा,

मी पाठवणार नव्हते. खोटी ओळ लिहिता आली असती, पण मशीनने दिलेल्या यादीत खोटं घालायला हात धजेना, म्हणून जागा मोकळी सोडली. मला वाटलं, तू दुःखात आहेस, आकडे मोजणार नाहीस. तू कधीपासून मोजत नाहीस!

तेकाई काकांवर जाऊ नकोस. ते बाळाला ठेवलं तेव्हा होते, त्यांनीच खड्डा खणला.

दुसरी ओळ कायसिराच्या कॉम्प्युटरची आहे. सिनेमे उतरवायचा. चौदा मार्चच्या पत्रात खाली, ता. क. म्हणून तू लिहिलं होतंस, एकच शनिवार. ते मी केलं आणि लगेच पुढे वरचं काम केलं, तेही तुझंच. दोन्ही एकाच कागदात आलं होतं. मी सत्तावीस मार्चला तुला सगळं कळवलंही होतं, काय आधी केलं आणि काय नंतर. काढून बघ.

कायसिराला माहीत नाही. त्याला वाटतं, तू त्याच्यासाठी कायमची परवानगी काढून दिलीस. दर शनिवारी मानेआबात सिनेमा सुरू व्हायच्या आधी तो तुझं नाव घेऊन आभार मानायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. सिनेमाला मी जात नाही, म्हणून ही गोष्ट मला आत्ता कळली. बाळ गेल्यापासून त्याने सिनेमे बंद केले आहेत. रोज मारेताच्या घराशी येऊन नाबोवाची होडी दुरुस्त करत बसतो.

तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही. तू एक शनिवार म्हणालास, मी दहा शनिवार दिले. अहवालात माझंच नाव लिही, मी सही करीन. वहिनीला तेवढं सांगू नकोस. तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही, तू हुशार आहेस, तुला सुचेल.

रोसिया


तारावा
शुक्रवार, २० जून २०१४

रोसिया,

पत्र शनिवारी दुपारी आलं. मी ते धावपट्टीवरच उघडलं. सत्तावीस मार्चचं घरी येऊन काढलं. मी ते तेव्हा दोनदा वाचलं होतं आणि साहेबांना वाचून दाखवलं होतं.

रविवारी चर्चमधून आल्यावर कातारीनाला सांगितलं. दुसरं काही सुचवून बघितलं, जमलं नाही. नाव कळलं म्हटलं. ती म्हणाली, कुणाचं? मी म्हटलं, माझं. तिला वाटलं मी बरळतोय. मग पत्र दाखवलं. कायसिराचं नाव वाचून ती खाली बसली. मग उठली आणि कपडे भरायला लागली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "माझ्या मुलीकडे. भाऊ असेल तिथे त्यालाही बघते."

अहवाल सोमवारी दिला. दवाखान्याच्या जोडणीवर खासगी वाट उघडायला नर्सला मी सांगितलं, जोडणी मंदावल्याचं तिने कळवलं तेव्हा न बघता ढगांवर ढकललं, आणि सेव्ह करण्याआधी यादी वाचायची असते हे मी माझ्या मोठ्या अक्षरांच्या कागदावर लिहिलंच नाही. तुझी सही लागत नाही. साहेबांनी वाचून कागद उपडा ठेवला आणि म्हणाले, घरी जा. घरी म्हणजे आठवडाभर की कायमचं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

उद्याच्या विमानात एकच जागा मिळाली. कातारीना येते आहे, हे पत्र तीच तुला देईल. तिला भूक नसते, तरी बाबाईचा कंद उकडून समोर ठेव, थोडं खाते. कायसिराला ती जे बोलेल त्यात तू पडू नकोस. ती भावंडं आहेत. पण त्याला एवढं तू आधी सांग, की ती वाट त्याची नव्हती आणि त्याला देणारा मी होतो. पेटी करणाऱ्या माणसाला हे तिच्या तोंडून कळू नये.

मी पुढच्या शनिवारी येतो. तोवर मारेताला काही सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. तू सांगितलं नसशील, हे मला माहीत आहे. तिला ते मी सांगायचं. विमान का थांबलं होतं आणि का गेलं, सगळं. ती मला घरात घेणार नाही असं होऊ शकतं. मग मी दाराबाहेर बसेन. तिने जा म्हटलं तर जाईन, पण तिने म्हटल्यावर.

तेरिब्वा